गाडी झोपवायची कशी?

(रौप्यमहोत्सवी व्याख्यान सप्ताहात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते बी विंगचे रहिवासी असून एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आहेत. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – स्मरणिका समिती)



सेक्रेटरींचा मला फोन आला, "काका, सप्ताहात एक दिवस तुम्ही बोलायचं." मी म्हटलं, अहो, एकतीस वर्षं मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काढली. तिथं तोंड कमी चाललं, पान्हा जास्त चालला. परवा डॉक्टर बाई मधुमेहावर इतकं छान बोलल्या, काल इच्छापत्रावर वकील साहेब बोलले. मी काय बोलणार? ते म्हणाले, "पार्किंगवर बोला." मी म्हटलं, पार्किंगवर बोलायला लागलो तर व्याख्यान राहील बाजूला आणि वार्षिक सर्वसाधारण सभा सुरू होईल. (हशा)

पण विषय डोक्यात राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरलो तेव्हा पार्किंगमध्ये जरा थांबलो आणि कव्हर घातलेल्या, धूळ बसलेल्या दुचाक्या मोजल्या. चौदा निघाल्या. त्यातल्या बहुतेकांचे मालक मला माहीत आहेत. कुणी मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला, कुणी नातवाला सांभाळायला बंगळुरूला, कुणी सहा महिने गावाला आंब्यांच्या मागे. काही गाड्या मुलांच्या आहेत. मुलगा शिकायला जर्मनीला गेला, गाडी इथंच. आई रोज येता-जाता तिच्याकडे बघते, विकू देत नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो तेव्हा असं नव्हतं. तेव्हा गाडी रोज बाहेर पडायची. पुढे टाकीवर एक पोर, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरं पोर. गाडीला विसावा म्हणून नव्हता. आता पोरं उडाली आणि आपण त्यांच्या मागे सहा-सहा महिने जातो. म्हणून आज मी एवढंच सांगणार आहे, की जाताना गाडी कशी ठेवून जायची. दिसायला विषय छोटा आहे. आमच्या घरात मात्र त्याची किंमत मोजून झाली आहे, ती आधी सांगतो.

2016 सालच्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलीकडे कॅनडाला गेलो. टोरांटोच्या शेजारी मिसिसागा म्हणून गाव आहे, तिथं. नात होणार होती. सहा महिन्यांचा मुक्काम. माझी मोटरसायकल 2004 सालची, जीव की प्राण. रोज पुसायचो. हिचं म्हणणं असं की तेवढं मी कधी घरातलं कपाट पुसलं नाही. (हशा) जायच्या आदल्या दिवशी मी चावी आपल्या समोरच्या फ्लॅटमधल्या भाऊंच्या हातात दिली आणि सांगितलं, "भाऊ, दर रविवारी दोन-तीन मिनिटं स्टार्ट करून ठेवा, म्हणजे गाडी जाम होणार नाही." भाऊ शब्दाचे पक्के. सव्वीस रविवार, एकही चुकवला नाही.

तिकडे आमच्या मुलीच्या घराशेजारी एक गृहस्थ राहायचे. मूळचे पोर्तुगालचे, वय साठीच्या पुढे. त्यांच्याकडेही मोटरसायकल. माझं इंग्रजी पान्ह्यापुरतं आणि त्यांचं माझ्यापेक्षा थोडं बरं, पण दोन मोटरसायकलवाल्यांना भाषा फार लागत नाही. ऑक्टोबर संपत आला तसा एका शनिवारी त्यांनी गॅरेज उघडलं आणि गाडी ठेवणीत टाकायला घेतली. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ पडतो आणि तो वितळावा म्हणून मीठ टाकतात. गारठ्याचं आणि मिठाचं दोन्ही भय. त्यामुळे बहुतेक मोटरसायकली थंडी सुरू झाली की आत जातात त्या वसंत ऋतूतच बाहेर निघतात.

मी खुर्ची टाकून बघत बसलो. त्यांनी गाडी धुतली, पूर्ण वाळवली. एक फेरफटका मारून इंजिन गरम केलं आणि गरम असतानाच ऑइल बदललं. टाकी भरून आणलेली होती, त्यात बाटलीतून काहीतरी औषध घातलं. बॅटरी काढून घरात नेली. चेनला वंगण लावलं. टायरमध्ये हवा भरली. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबलं आणि त्याला लाल रिबन बांधली. चांगले तीन तास गेले. मला हसू येत होतं. मी त्यांना हातवारे करून म्हटलं, एवढा खटाटोप कशाला, आठवड्यातून एकदा किक मारली की झालं! त्या माणसानं हातातलं फडकं खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. "नो, नो. व्हेरी बॅड." मी मनात म्हटलं, याला काय कळतंय? मी एस.टी.च्या गाड्या दुरुस्त केल्यात.

नोव्हेंबरच्या मध्यावर आम्ही परत आलो. बॅटरी मेलेली होती. ते मी धरूनच चाललो होतो. प्लग काढून साफ केला, कार्बोरेटर खोलून धुतला, दोन दिवस खटपट केली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी किकवर सुरू झाली. मला कोण आनंद! हिला म्हटलं, चल, गणपतीच्या देवळात जाऊन येऊ. ही म्हणाली, चालत जाऊ. मी म्हटलं, छे, गाडीवरच.

आपल्या पार्किंगमधून गेटकडे जाणारा उतार तुम्हाला माहीत आहे. त्या उतारावर मी पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर जागचा हलेना. मागच्या ब्रेकचं पेडल दगडासारखं. सगळा जोर देऊन दाबलं तेव्हा जरासा धरला, तोवर गेटचा खांब आला. मी वाचलो. हिचा उजवा हात खाली आला आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, आणि पुढे कितीतरी दिवस लाटणं हातात धरवत नव्हतं. पण मला रात्री झोप लागायची नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. आम्ही खांबावर आदळलो त्याच्या दहा मिनिटं आधी त्याच जागी आपल्या सोसायटीची सात-आठ मुलं शाळेच्या बसची वाट बघत उभी होती.

नंतर मी गाडी पूर्ण उघडली. जे दिसलं ते सांगतो, कारण सगळा धडा त्यातच आहे.

ऑइल काढलं तर वर दुधाळ, चहात साय मोडल्यासारखं. म्हणजे ऑइलमध्ये पाणी. सायलेन्सर आतून गंजून कागदासारखा झालेला. मला आधी वाटलं, पावसाचं पाणी शिरलं. पण गाडी तर छपराखाली होती! मग पाणी आलं कुठून?

तर ते पाणी इंजिनानंच तयार केलं होतं. शाळेतली मुलं बसलीत, त्यांना विचारा. पेट्रोल जळलं की त्यातून पाणी तयार होतं. किती? एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी. रोज गाडी चालवतो तेव्हा ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून धूर दिसतो, थेंब गळतात, ते हेच. पण त्यासाठी इंजिन, ऑइल आणि सायलेन्सर आतपर्यंत चांगले तापावे लागतात. दोन-तीन मिनिटांत काहीच तापत नाही. पाणी तयार होतं आणि आतच बसतं. काही सायलेन्सरमध्ये, काही ऑइलमध्ये. पुढच्या रविवारी त्यात आणखी भर. म्हणजे मी भाऊंना जे सांगून गेलो होतो, तो गाडी आतून गंजवायचा आठवड्याचा कार्यक्रम होता.

आणि बॅटरी? स्टार्टर मारताना बॅटरीतून जेवढं जातं, तेवढं दोन मिनिटांच्या आयडलिंगमध्ये परत भरत नाही. दर रविवारी थोडी थोडी उपसली, आणि दोन-अडीच महिन्यांत ती बसली. पुढे भाऊंनी किक मारून रविवार पाळले. बिचारे घामाघूम व्हायचे, असं त्यांच्या मिसेसनी नंतर सांगितलं.

आता ब्रेक. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये आत एक कॅम असतो. आपण ब्रेक दाबला की तो फिरतो आणि ब्रेक शू ड्रमला टेकतात. त्या कॅमवरचं ग्रीस वाळलं, आपल्या ठाण्याच्या दमट हवेत त्यावर गंज चढला आणि तो जाम झाला. पुढच्या ब्रेकची केबल आतून गंजून धरली. इंजिन दर आठवड्याला सुरू होत होतं, पण ब्रेक सहा महिन्यांत एकदाही कुणी दाबला नव्हता. आणि मी, एकतीस वर्षांचा मेकॅनिक, दोन दिवस इंजिनाशी खेळत बसलो आणि ब्रेक न तपासता बायकोला मागे बसवलं. इंजिनाचा आवाज आला की गाडी तयार झाली, असं आपल्याला वाटतं. तिथंच चूक होते.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. गाडी एक तर नीट चालवायची, नाही तर अजिबात सुरू करायची नाही. मधलं काही नाही. घरात चालवणारं कुणी असेल, त्याच्याकडे लायसन्स असेल, तर आठवड्या-पंधरवड्याला वीस-तीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणू दे. सगळं तापेल, बॅटरी भरेल, ब्रेक वापरात राहतील. तसं कुणी नसेल तर गाडी झोपवा. आणि झोपवलेल्या गाडीला मधेच उठवू नका.

झोपवणं ही काही परदेशी कल्पना नाही बरं का. माझं गाव दापोली तालुक्यात, हर्णैजवळ. लहानपणी बघायचो, पावसाळ्याच्या तोंडावर कोळी बांधव होड्या वर ओढून घ्यायचे, खाली ओंडके द्यायचे, वर झावळ्यांनी शाकारायचे. आता तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला सरकारचीच बंदी असते. नारळी पौर्णिमा येईपर्यंत होडी निजलेली. पण निजवण्याआधी ती धुवायची, सुकवायची, तेल द्यायचं आणि परत पाण्यात घालण्याआधी फळी न् फळी तपासायची. तीन पिढ्या बघितलेली गोष्ट, आणि मला ती मोटरसायकलला लावायला सुचली नाही.

आता क्रमानं सांगतो. ज्यांना लिहून घ्यायचं त्यांनी घ्या.

धुणं आणि वाळवणं. गाडी धुवा आणि नंतर थोडी चालवून आणा, म्हणजे कानाकोपऱ्यातलं पाणी उडतं. ओली गाडी झाकली तर कव्हर घालण्यापेक्षा न घातलेलं बरं. चेन रॉकेलनं पुसून घ्या, चेनचं वंगण लावा. केबल, लिव्हर, स्टँड यांच्या सांध्यांत तेलाचे थेंब सोडा. ब्रेक डिस्कवर आणि ब्रेक शूवर मात्र तेलाचा थेंबसुद्धा जाता कामा नये.

ऑइल. पुष्कळ लोक म्हणतात, आल्यावर बदलू. नाही, जाण्याआधी बदला. वापरलेल्या काळ्या ऑइलमध्ये ओल असते, जळाल्यामुळे तयार झालेलं आम्ल असतं. ते सहा महिने बेअरिंगवर बसून राहतं. इंजिन गरम करून जुनं काढा, नवीन भरा, एकदा दोन मिनिटं फिरवा. सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर मेकॅनिककडून प्लग काढून सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा ऑइल घालून घ्या. प्लग बाहेर असतानाच दोन-चार किक मारल्या की ते आत सगळीकडे पसरतं.

पेट्रोल. हल्ली आपल्या पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. फार पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. टाकी अर्धी रिकामी असेल तर आत हवा जास्त, म्हणून ओलही जास्त, आणि लोखंडी टाकी आतून गंजते. म्हणून टाकी भरून ठेवा, पण गळ्यापर्यंत नको, उन्हाळ्यात पेट्रोल फुगतं, त्याला जागा हवी. पेट्रोल टिकवायचं औषध स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. ते घातलं तर नंतर दहा मिनिटं गाडी चालवा, म्हणजे ते पुढच्या नळ्यांपर्यंत पोहोचेल.

जुन्या, कार्बोरेटरच्या गाडीला पेट्रोल कॉक असतो. तो बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. मग कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं काढून टाका. तिथं पेट्रोल राहिलं तर उडून जातं आणि मागे डिंकासारखा थर राहतो. त्यानं जेटची बारीक भोकं बुजतात. 1 एप्रिल 2020 नंतरच्या, बीएस-सहा गाड्या बहुतेक इंजेक्शनवाल्या आहेत. त्यांना कॉक नाही, आणि त्यांचं पेट्रोल संपवून इंजिन बंद पाडू नका. त्यातला पंप पेट्रोलनंच गार राहतो. तिथं टाकी भरलेली असली की पुरे.

एक विनंती हात जोडून करतो. पेट्रोल काढून प्लास्टिकच्या बाटलीत भरून गॅलरीत किंवा मीटर रूममध्ये ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीची वाट बघते. वर्षभरासाठी जाणार असाल आणि टाकी रिकामीच करायची असेल तर मेकॅनिककडून, मोकळ्या जागेत. आणि टाकी किंवा नळी जरा जरी झिरपत असेल तर आधी दुरुस्ती, मग प्रवास. वरच्या मजल्यावर लोक झोपलेले असतात.

बॅटरी. बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते, आणि उकाड्यात जास्त लवकर उतरते. नव्या गाड्यांत घड्याळ, अलार्म वगैरे बंद गाडीतही थोडं थोडं खातच असतात. उतरलेल्या अवस्थेत राहिली की आतल्या पट्ट्यांवर थर धरतो आणि मग ती पुन्हा पूर्ण भरत नाही. कॅनडात तर उतरलेली बॅटरी गोठून फुटते. म्हणून काढून ठेवा. काढताना आधी वजा, मग अधिक. बसवताना उलटं, आधी अधिक, मग वजा. का? वजा टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं. ते आधी सोडवलं की पुढे पान्हा चुकून सांगाड्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. बॅटरी थंड, कोरड्या जागी ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी कुणाकडून चार्ज करून घ्या. चार्ज करून काही तास ठेवलेली चांगली बॅटरी मीटरवर 12.6 व्होल्टच्या वर दाखवते. 12.4 च्या खाली गेली की चार्जिंगची वेळ झाली. आताच्या बऱ्याच गाड्यांना किकच नाही. त्यांची बॅटरी गेली की गाडी म्हणजे पुतळा.

इलेक्ट्रिक स्कूटर. आपल्याकडे आता बऱ्याच झाल्यात. त्यांची लिथियम बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून महिनोन्महिने ठेवू नये. साधारण निम्मी चार्ज ठेवावी, महिन्यातून एकदा बघावी. प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत याचं पान असतं. ते वाचा. आपण फक्त गाडीच्या पूजेच्या दिवशी पुस्तिका उघडतो, हळदकुंकू लावायला. (हशा)

टायर. मेन स्टँड असेल तर त्यावरच लावा. पुस्तिकेत असेल तेवढी हवा पूर्ण भरा. मेन स्टँड नसेल तर टायरखाली लाकडी फळी ठेवा, आणि महिन्यातून एकदा कुणाला तरी गाडी हातभर पुढे-मागे ढकलायला सांगा. एकाच जागी वजन राहिलं की टायर तिथं चपटा होतो.

उंदीर आणि माश्या. सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावर त्याच्या तोंडात फडकं घालून वर प्लास्टिक बांधा. नाही तर कुंभारमाशी आत मातीचं घर बांधते. त्या पोर्तुगीज गृहस्थांसारखी लाल रिबन त्याला बांधून हँडलपर्यंत आणा, म्हणजे परत आल्यावर तसंच ठेवून किक मारणार नाही. सीटखाली वाटेत खाल्लेल्या वेफर्सचं पाकीट, प्रसादाचा पुडा असलं काही ठेवू नका. उंदीर त्यासाठी येतो आणि जाता जाता वायरी कुरतडतो.

कव्हर. प्लास्टिकचा कागद गुंडाळू नका. आतली ओल बाहेर जात नाही, आणि पावसाळ्यात आत बुरशी धरते. हवा खेळणारं कापडी कव्हर घ्या. जुनी सुती चादर आणि वर सैल कव्हर, हेही चालतं.

कागद. परदेशातून आल्यावर कळतं की विमा संपून चार महिने झाले. मधल्या काळात चोरी झाली, आग लागली, पार्किंगमध्ये पाणी भरलं, तर हाती काही येत नाही. विमा संपून नव्वद दिवसांच्या वर गेले की नो क्लेम बोनसही जातो. म्हणून जाण्याआधी तारीख बघा. आरसी बुकावरची तारीखही बघा. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. आणि आल्यावर पीयूसी बघितल्याशिवाय गेटबाहेर पडू नका.

आता परत आल्यावर काय करायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि माझं नेमकं हेच चुकलं.

गाडीला चावी लावायच्या आधी ब्रेक बघा. पुढचा दाबा, सोडा. मागचा दाबा, सोडा. दाबला जातो का, आणि सोडल्यावर परत येतो का, दोन्ही बघा. मेन स्टँडवर चाक हातानं फिरवा आणि ब्रेक दाबून थांबतं का बघा. डिस्क ब्रेक असेल तर त्याचं ऑइलही हवेतली ओल ओढतं, दोन वर्षांनी बदलावं लागतं. मग टायरची हवा आणि भेगा. मग पेट्रोल गळतंय का. मग फडकं काढा, बॅटरी बसवा. मग इंजिन. क्लच प्लेटी चिकटलेल्या असतात, म्हणून सुरू करण्याआधी क्लच दाबून गिअरमध्ये गाडी मागेपुढे हलवून सोडवून घ्या. पहिली फेरी एकट्यानं, पार्किंगच्या सपाट भागात, चालण्याच्या वेगानं, चार वेळा ब्रेक दाबून. घरच्यांना मागे बसवायचं ते त्यानंतर. शंका आली तर मेकॅनिकला घरी बोलवा. तो जे पैसे घेईल ते हाडाच्या डॉक्टरांपेक्षा कमीच असतात.

2023 साली आम्ही पुन्हा गेलो, नात सात वर्षांची झाली तेव्हा. तीच मोटरसायकल, पण या वेळी दोन दिवस खर्ची घालून नीट झोपवली. शेजाऱ्याकडून काय मदत मागायची हेही मी शिकलो होतो. स्टार्ट करायची नाही. महिन्यातून एकदा कव्हर उचलायचं, खाली काही गळलंय का बघायचं, गाडी हातभर ढकलायची आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा. आल्यावर सकाळभर ब्रेक तपासले, मग बॅटरी लावली. चौथ्या किकला सुरू झाली. ही गॅलरीतून बघत होती. म्हणाली, "आवाज छान येतोय. मी चालतच जाते." (हशा)

शेवटी एक गोष्ट राहिली आहे. ती मी नऊ-दहा वर्षं बोललो नाही, आज सगळ्यांसमोर बोलतो.

अपघातानंतर भाऊ आणि वहिनी रोज संध्याकाळी डबा घेऊन यायचे. तिसऱ्या दिवशी भाऊंनी मला जिन्यात थांबवून विचारलं, "माझ्या हातून काही राहिलं का हो?" मी म्हटलं, नाही, तसं काही नाही. पण म्हणताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. नंतर सोसायटीत बोललं जायला लागलं की गाडी भाऊंकडे होती, त्यांनी काहीतरी बिघडवलं. ते माझ्या कानावर आलं होतं. मी गप्प राहिलो. एकतीस वर्षांच्या मेकॅनिकला स्वतःचं चुकलं असं सांगायला जड गेलं. त्यानंतर भाऊंनी कुणाच्याही गाडीची चावी सांभाळायला घेतली नाही, हे मला माहीत आहे. 2023 साली फोटो पाठवायचं काम मी त्यांना सांगायला गेलो तेव्हा त्यांनी दोन वेळा विचारलं, "नक्की ना? मी हात लावू ना?"

भाऊ, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला आहात. तुम्ही सव्वीस रविवार जे केलंत ते मी सांगितलं म्हणून केलंत, आणि मी चुकीचं सांगितलं होतं. ब्रेक न बघता गाडी बाहेर काढली तीही मीच. तुमचं काहीही चुकलं नव्हतं. हे मी त्याच दिवशी जिन्यात सांगायला हवं होतं. (टाळ्या)

मंडळी, पार्किंगमध्ये चौदा गाड्या आहेत. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी पान्हे आणि मीटर घेऊन खाली थांबतो. ज्यांचे मालक बाहेर आहेत त्यांनी व्हॉट्सॲपवर कमिटीला परवानगी कळवावी. आपण एकेक गाडी बघू, काय गळतंय, काय झिरपतंय याची यादी करू. मुलांनो, तुम्हीही या. हात काळे करायची तयारी ठेवा. आणि ज्यांच्या घरी मे महिन्यात परदेशी जायचं ठरलंय, त्यांनी बॅगा भरायच्या आधी एक दिवस गाडीसाठी राखून ठेवा.

भाऊ, तुम्ही पण या. मीटर तुम्ही धरायचा.